भासऱ्यांचा खोकला

"मॅडम, उद्यापासून येऊ नका," टेकचंद म्हणाला. "मायले काही समजूनच नाही राहिलं. कायले तिले तरास द्यायचा?"

त्याची आई, फुलवंताबाई, समोर खाटेवर उशांना टेकून बसली होती. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक गोंदियाला, पण अशा पेशंटसाठी दवनीवाड्यापर्यंत येते.

मी रोज त्यांना सांगायची, डोळे मिटा, डावा हात वर करा, हसा. आम्ही याला कमांड म्हणतो. बाई माझ्याकडे बघत राहायच्या आणि काही करायच्या नाहीत. हसायला सांगितलं तर फक्त ओठांचा डावा कोपरा जरासा हलायचा.

"सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात," मी म्हणाले. "आता थांबलो तर त्या या खाटेवरून उठायच्या नाहीत."

दाराशी बसलेले त्यांचे यजमान शालिकराम खाली मान घालून म्हणाले, "मलेबी नाही ओळखून राहिली, मॅडम."

मी बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात ओसरीवर कोणीतरी खोकलं. शालिकरामांचे थोरले भाऊ, म्हणजे बाईंचे भासरे, आले होते. घरात बायका असल्या की भासऱ्याने आधी खोकायचं, मग आत यायचं, ही तिथली रीत. बाई आजारी पडल्यापासून संकोचाने ते आतच आले नव्हते.

बाईंचा डावा हात उचलला गेला. चाचपडत खांद्यावर गेला, पदर सापडला, आणि तो कपाळापर्यंत ओढला गेला. भासरे अजून दारातही पोचले नव्हते.

कोण खोकलं, तो आपला कोण, आपलं डोकं उघडं आहे, हे सगळं त्या बाईला कळलं होतं. जो हात माझ्या सांगण्याने एकदाही उठला नव्हता, तो लाजेने उठला होता.

भासरे दारातच अवघडले. "मी बाहेरच बसतो जी. बाईले तकलीफ नको."

"काका, अजून दोनदा खोका," टेकचंदचे डोळे भरले होते, तरी तो म्हणाला. "माय उठून चहाच मांडन."

पदराखाली बाई हसल्या. दोन्ही बाजूंनी. ओघळलेला उजवा कोपराही वर चढला.

सांगून केलेलं हसू आणि आपसूक आलेलं हसू मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतं. एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पाहिलं मात्र त्या दिवशी, आणि पाहतच राहिले. शालिकराम उठून खाटेपाशी आले आणि बायकोच्या पायाशी बसले.

ट्रीटमेंट बंद झाली नाही. भासरे रोज सकाळी येऊन इमानदारीने खोकायचे. धान कापणीला आलं तेव्हा बाई भिंत धरून चार पावलं टाकत होत्या. एका सकाळी पदराकडे उजवा हात निघाला. अर्ध्यावर थांबला, पण निघाला.

कमांड मी अजूनही देते, तपासणीची पद्धतच तशी आहे. पण त्याआधी घरच्यांना विचारून घेते, कोण आलं की या काय करतात?