माझ्या डोक्यावरचं बिझनेस स्कूल

गोदामात माल साचला की व्यापाऱ्याची झोप उडते. किश्शांचं उलटं आहे. कितीही वाटा, कोपऱ्यातला ढीग तेवढाच राहतो! योकोहामात हळद, मिरची, काजू विकता विकता माझ्याकडे जो ढीग साचलाय, त्यातला निम्मा माझ्या दुकानातला नाहीच. तो वरच्या मजल्यावरून गळलेला आहे.

झालं असं, की २०११च्या भूकंपानंतर बरेच परदेशी आपापल्या घरी निघून गेले. आमच्या इमारतीचा वरचा मजला रिकामा पडला आणि मालकाने तो एका चिनी विद्यापीठाला भाड्याने दिला. त्यांना तिथे आपल्या बिझनेस स्कूलची शाखा काढायची होती. लोक जपान सोडून चाललेत आणि हे सामान घेऊन येतायत! मला भारी कुतूहल वाटलं. पडत्या बाजारात शिरणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर आपला भाऊ.

*

शाखेच्या प्रमुख शेन बाई. पन्नाशीच्या, आखूड केस, झपाझप चाल. इथल्या रिवाजाप्रमाणे नवा शेजारी छोटा टॉवेल घेऊन भेटायला येतो, तशा त्या आल्या. टॉवेल दिला, दुकान निरखलं आणि पाटीवरच्या माझ्या नावाला इथलं आदराचं 'सान' जोडून विचारलं, "नाना-सान, तुम्ही कुठल्या बिझनेस स्कूलचे?"

मी म्हटलं, "मशीद बंदर."

म्हणजे मुंबईतला मसाल्याचा बाजार. माझं सगळं शिक्षण तिथल्या पोत्यांवर बसून झालेलं. बाईंनी आदराने मान डोलावली. काही दिवसांनी जिन्यात गाठ पडली तर चेहरा गंभीर.

"मी खूप शोधलं. तुमच्या स्कूलचं रँकिंग कुठेच नाही!"

"आमच्याकडे फी नसते ना," मी म्हटलं, "फक्त शिव्या असतात. म्हणून रँकिंगवाले फिरकत नाहीत."

खरा प्रकार सांगितला तेव्हा बाई जिन्यातच बसून हसल्या. आमची मैत्री तिथून.

*

मला एक कोडं होतं. चीनमध्ये एके काळी सगळा धंदा सरकारचा. मग धंदा शिकवणाऱ्या शाळा आल्या कुठून? एकदा बाईंना विचारलंच.

"अगदी सुरुवातीला मी विद्यार्थिनी होते," त्या म्हणाल्या. "आमचे सर आदल्या वर्षापर्यंत सरकारी नियोजन शिकवायचे. सुट्टीनंतर आले ते हातात मार्केटिंगचं अमेरिकन पुस्तक घेऊन! एकच पुस्तक, तेही सरांकडे. सर आमच्यापुढे बरोबर एक धडा असायचे."

"आणि कुणी पुढचं विचारलं तर?"

"मी विचारलं होतं. सर आठवडाभर आजारी पडले."

तिथून आता स्वतःच्या इमारती, वर्गात चर्चेला स्वतः लिहिलेल्या धंद्यातल्या खऱ्या गोष्टी, म्हणजे त्यांच्या भाषेत केस, परदेशात शाखा! बाई सांगताना अशा खुलायच्या, की वाटावं, स्वतःच्या मुलीचं कौतुक चाललंय.

*

वर्गात शिरल्या शिरल्या भिंतीवर स्कूलचं उद्दिष्ट दिसायचं, काचेच्या फ्रेममध्ये. पहिल्या वर्षी होतं, 'देशात अग्रगण्य'. पुढच्या वर्षी बघतो तर 'आशियात अग्रगण्य'. त्याच्या पुढच्या वर्षी 'जगात'. मुख्य कॅम्पसमधून हुकूम यायचा, फ्रेम बदलायची.

ऑफिस सांभाळणाऱ्या मोरिता-सान जपानी. मोजकं बोलणाऱ्या. मी त्यांना म्हटलं, "काय प्रगती आहे हो तुमच्या स्कूलची!"

त्यांनी फ्रेमकडे पाहिलं. "हो. खिळा मात्र तोच चाललाय."

*

विद्यार्थी म्हणजे आसपासचे छोटे जपानी कारखानदार. बाईंना ते सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. त्यात आमचा कुलकर्णी घुसला. हा मूळ पुण्याचा, बँकेच्या पोस्टिंगवर आलेला, टोकियोजवळ उरायासुला फ्लॅट. मी म्हटलं, "अरे, तुझ्याकडे एक एमबीए आहे ना?"

"नाना, तुम्हाला नाही कळायचं. हे नेटवर्किंग असतं!"

"मी त्याला गिऱ्हाईक म्हणतो."

मुख्य कॅम्पसचा नियम होता, वर्गात बोलण्याला मार्क. विद्यार्थ्यांनी हात वर करावे, एकमेकांना खोडून काढावं. 'वाद घालणारे उद्योजक घडवणे' हे त्या फ्रेममधलं दुसरं वाक्य, आणि ते मात्र कधी बदललं नाही. कुलकर्णी एकटा वर्गभर बोलायचा. बाकीचे त्याच्याकडे सहानुभूतीने बघायचे.

त्यात सर्वांत वडील साकाई-सान. गोड सारणाच्या वड्या बनवणारा घरचा कारखाना. बाईंनी मत विचारलं की ते दातांतून लांब श्वास आत ओढायचे, मान तिरकी करायचे आणि थांबायचे. ते वडील, म्हणून त्यांच्याआधी दुसरा कुणी तोंड उघडणार नाही! दुसऱ्या दिवशी मात्र ते वड्यांचा डबा घेऊन यायचे आणि चहा पिता पिता आपलं मत मोरिता-सानना सांगायचे. इतकं नेमकं, की बाई कपाळाला हात लावायच्या.

"नाना-सान, आता मी मार्क कुणाला देऊ? चहाच्या कपाला?"

*

मध्येच चीन आणि जपान या दोन देशांचं जोरात बिनसलं. टीव्हीवर रोज तेच. चिनी स्कूलच्या दारातून आत शिरताना शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील, अशी आमच्या कारखानदारांना धास्ती. पण वर्ग बुडवणं हेही यांच्या रक्तात नाही! मग तोडगा निघाला. माझ्या दुकानातून आतला जिना वर जातो. एकेक जण गिऱ्हाईक बनून यायचा, आणि फुकट दुकानातून जाणं वाईट दिसतं म्हणून काहीतरी घ्यायचा.

दर खेपेला साकाई-सान हळद घ्यायचे. पॅकेटवरचा पिवळा रंग आवडला असावा. मी खूष! शेवटी एकदा ते काउंटरपाशी रेंगाळले. अवघडून म्हणाले, "नाना-सान, घरात आता कपाट भरलंय. हिचं... करायचं काय असतं?"

*

आता शेवटचा किस्सा.

वसंतात शेन बाई खाली आल्या. नेहमीची चाल नाही. म्हणाल्या, "डीन येतायत. एक वर्ग बघणार आणि ठरवणार, शाखा ठेवायची की बंद करायची."

मी चहा पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"भूकंपानंतर सगळे म्हणाले, जाऊ नकोस. मी भांडून आले, नाना-सान. आता परत गेले तर एका खोलीत बसून पेपर तपासायचे. तेही चालेल. पण माझ्या वर्गात लोक बोलतात, हे एकदा त्यांना दिसायला हवं. आणि माझा वर्ग तर..."

मोरिता-साननी मनावर घेतलं. जपानी पद्धतच ती. मीटिंगमध्ये काय व्हायचं ते आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन ठरवायचं. त्या सगळ्यांना भेटल्या, कुणी कुणानंतर काय बोलायचं ते पक्कं केलं. सुरुवात अर्थातच साकाई-सान करणार!

त्या दिवशी मलाही वर बोलावलं, कारण केस माझ्यावरच लिहिली होती. मोठ्या भूकंपानंतर सगळे विमानतळाकडे धावत असताना एक भारतीय व्यापारी दुकान उघडं ठेवून थांबला. त्याचं बरोबर की चूक? केसमध्ये माझं नाव नव्हतं, आणि ज्याच्यावर केस त्याने बोलायचं नाही, हा नियम.

डीन मागे बसले. उंच, जाड भुवया, तरुणपणी जपानमध्ये शिकलेले, म्हणजे दुभाष्याकडून सांभाळून घ्यायचीही सोय नाही. बाईंनी विचारलं, "साकाई-सान, तुमचं मत?"

साकाई-साननी श्वास आत ओढला. मान तिरकी केली. आणि थांबले.

सगळे थांबले. कुलकर्णीसुद्धा! त्याचा नंबर पाचवा होता. डीननी घड्याळ पाहिलं. बाईंच्या हातातला खडू मोडला.

आणि जमीन हलली.

चांगला दणका होता. क्षणात अख्खा वर्ग टेबलांखाली. मोरिता-साननी हेल्मेट चढवलं आणि नियमाप्रमाणे, अडकू नये म्हणून, दार उघडून धरलं. माझ्या टेबलाखाली मी, कुलकर्णी आणि साकाई-सान, गुडघ्याला गुडघे लावून. शेजारच्या टेबलाखाली बाई आणि डीन. वर दिवे झुलतायत, काचा थडथडतायत.

एवढ्यात माझ्या कानाशी एक शांत आवाज आला.

"सेन्सेई, मला वाटतं, हा व्यापारी मूर्ख आहे."

साकाई-सान!

पलीकडच्या टेबलाखालून कुणीतरी ओरडलं, "अजिबात पटत नाही! गिऱ्हाईक पुन्हा आलं असतं का?"

"घरच्यांचा विचार नको करायला?"

"त्याच्या बायकोने काय सांगितलं, ते केसमध्ये का नाही?" हा स्क्रूच्या कारखान्यातला ओगावा-सान. त्याचा आवाज आम्ही प्रथमच ऐकत होतो!

"नाना," कुलकर्णी कुजबुजला, "माझा नंबर गेला हो!"

"गप्प बस. मला मूर्ख का म्हणतायत ते ऐकू दे."

एकमेकांचं बोलणं तोडत, टेबलावर खालून बुक्के मारत, चर्चा अशी पेटली की काय सांगू! शेन बाई रांगत रांगत या टेबलाखालून त्या टेबलाखाली जात होत्या, प्रश्न टाकत होत्या, गुडघे धुळीने माखलेले. दिवे झुलायचे थांबले. काचा शांत झाल्या. तरी कुणी बाहेर येईना.

दारात मोरिता-सान एकट्या उभ्या. त्या अदबीने म्हणाल्या, "थांबलाय भूकंप. बाहेर यायला हरकत नाही."

टेबलाखालून डीनचा आवाज आला, "शूऽऽ! वर्ग चालू आहे!"

डीन गेले. काही दिवस कळेना काय ठरलं. बाई रोज खाली येऊन नुसता चहा प्यायच्या. मग एका सकाळी इमारतीसमोर ट्रक उभा राहिला. मुख्य कॅम्पसने पाठवलेली नवी टेबलं! रुंद, भक्कम आणि जरा जास्तच उंच. बाई फुटपाथवर उभ्या राहून माझा हात सोडेनात.

टेबलं वर लागली. मोरिता-सान एका टेबलाखाली शिरल्या. ताठ बसून पाहिलं. दोन्हीकडे हात लांबवून पाहिले. मग बाहेर येऊन स्कर्ट झटकला आणि बाईंना विचारलं,

"सेन्सेई, खुर्च्या परत पाठवू का?"