मागच्या बायका

समुद्रकाठच्या नवापुरात हळद म्हटली की जमनाची गाणी हवीतच. तिनं ओळ टाकायची, मागच्या बायकांनी उचलायची. पण नवरा जानू गेला आणि त्यानंतरच्या पहिल्याच हळदीत तिचा आवाज ओळीच्या मधोमध फाटला. नवरीपुढे रडका सूर म्हणजे अपशकुन! तोंडाला पदर लावून जमना तडक घरी आली, ती पुन्हा गायलीच नाही. आता बहिणीची लेक भाविका हटून बसली होती. "मावशे, तू गायलीस तरच मी हलद लावीन." पोरगी मुलखाची हट्टी.

मागच्या खोलीत कैलास भाड्यानं राहायचा. जालन्याचा, बोईसरच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या सकाळी त्यानं एका परदेशी बाईचा अल्बम लावला. 'सोल' म्हणतात असल्या गाण्यांना, एवढं त्याला ठाऊक. शब्द त्यालाही निम्मेच कळत. बाहेर जमना बोंबील वाळत घालत होती, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं.

गाण्यातली बाई एकटीच वर चढत गेली आणि मधेच तिचा आवाज फाटला. अगदी तसाच. जमनाचा हात दोरीवरच थांबला. तेवढ्यात मागच्या बायकांनी ओळ उचलली आणि गाणं पुढे गेलं. जमना ओल्या हातांनीच त्याच्या दारात.

"कैलास, ही चुकली ना रे? मंग परत का नाय गायली?"

"चुकली नाही मावशी, मुद्दाम तसंच ठेवलंय. आई गेली तेव्हा मी तेवढाच तुकडा ऐकायचो."

"परत लाव."

उंबऱ्यावर बसून ती पोटभर रडली. कावळ्यांनी बोंबलांवर ताव मारला, तर मारू दे. जानू गेल्यापासून इतकं मोकळं तिला वाटलं नव्हतं.

भाविकाच्या हळदीला ती गायली. अर्ध्या ओळीत आवाज फाटलाच. या खेपेला जमना जागची हलली नाही, आणि मागून साऱ्याजणींनी ओळ उचलली. त्या तर तेव्हाही बसल्याच होत्या. उठून गेली होती ती एकटी.

दुसऱ्या दिवशी तिनं कैलासच्या हातात सुक्या बोंबलांचं गाठोडं ठेवलं.

"मावशी, मी कुठं खातो मासे?"

"तुला कोन देतंय? त्या गानाऱ्या बाईला पाठव. आनि मागच्या बायकांनाबी पुरतील एवढे हायत, सांग तिला."