काचेच्या कपाटातले अकरा जण

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचक आहे. खरं सांगायचं तर इथले अनुभव मी हॉस्टेलमध्ये मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतंच, असं मानायची मला जरा जास्तच हौस. म्हणून लिहू की नको करत पाच महिने गेले... एक आधीच सांगते – यात भीती फारशी नाही. किळस आहे. जेवताना वाचू नका.

आमचं गाव दापोली तालुक्यात. अब्बा बावीस वर्षं सौदीत, दम्माममध्ये ड्रायव्हर आहेत. गेल्या सुट्टीत अम्मी आणि मी व्हिजिट व्हिसावर त्यांच्याकडे गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान. आतल्या खोलीत अब्बा-अम्मी, बाहेरच्या खोलीत मी... आणि ते कपाट.

कपाट इयान साहेबांचं. साहेब स्कॉटलंडचे, तेलाच्या कामातले इंजिनियर. अब्बा त्यांची गाडी चालवायचे. मी आठवीत असल्यापासून अब्बा माझे इंग्रजी निबंध त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचे आणि साहेब कागदावर उतरवून, लाल पेनाने चुका दाखवून परत पाठवायचे. मी इथवर आले त्यात त्यांचा वाटा आहे, हे मला आजही नाकारता येत नाही. त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी घाईने मायदेशी जावं लागलं, राहता व्हिला रिकामा करायचा होता. जाताना आयुष्यभराचा संग्रह ते अब्बांच्या हवाली करून गेले.

संग्रह म्हणजे छोटे सैनिक. अंगठ्याएवढे, शिसं-कथलाचे, हाताने रंगवलेले. पावणेतीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं होतं, त्यातली शेवटची लढाई. एकीकडे लाल कोटातले शिपाई रांगेत. दुसरीकडून चौकड्यांचे झगे गुंडाळलेले बंडखोर तलवारी उपसून धावत येताहेत. आणि मधल्या माळावर अकरा बंडखोर पडलेले. एकाचा जबडा गेलेला. एकाच्या पोटातून... असो. साहेबांनी रक्तावर मुद्दाम चकचकीत वॉर्निश दिलं होतं, कायम ओलं दिसावं म्हणून. हे ते फोनवर अभिमानाने सांगायचे. मीही "व्हेरी नाइस सर" म्हणायचे.

नमाजच्या खोलीत माणसांच्या आकृती नकोत, म्हणून कपाट बाहेरच्या खोलीत आलं. अम्मीने त्यावर जुनी चादर टाकली. ती तिकडे बघायचीही नाही.

"अमानत हाय," अब्बा म्हणाले. "जशी दिली तशी परत जायला हवी."

दर शुक्रवारी जुम्यानंतर साहेबांना व्हिडिओ कॉल करून सैनिक दाखवायचे, हे काम माझं.

तिसऱ्या आठवड्यात वास सुरू झाला.

"काय गो, बांगडा उघडा ठेवलास काय?" अम्मीने विचारलं.

"अम्मी, मी आज किचनमध्ये पाय तरी टाकला का?"

"त्याचंच तर मला दुःख हाय."

पण तो बांगड्याचा वास नव्हता. मासळीच्या वासात वाढलेलो आम्ही, तो आम्हाला कळतो. बकरी ईदनंतर कातडी दोन दिवस पडून राहिली की येतो तसा... आणि त्यात भिजलेल्या मातीचा. अब्बांनी एसीची नळी उघडली, बाथरूमची जाळी काढली, खालच्या बकालावाल्याला फ्रीझर दाखवायला लावला. तो बिचारा स्वतःच नाकाला रुमाल लावून वर येऊन गेला आणि म्हणाला, वास तुमच्याकडून येतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी चादर उचलली. चांगला लख्ख उजेड होता. काच खालच्या बाजूला आतून धुरकटली होती. आत तीन माश्या. कपाटाच्या दाराला रबराची पट्टी आहे, धूळसुद्धा जात नाही. दार उघडलं आणि तो वास नाकात नाही, थेट तोंडात आला. चव आली त्याची.

उभे असलेले सगळे सैनिक कोरडे ठणठणीत होते. पडलेले अकरा ओले होते. जबडा नसलेल्याला मी चिमटीत उचललं, तर त्याच्या खाली एक पांढरी अळी वळवळत होती. शिशाच्या बाहुलीखाली अळी! ती काय खात होती?

मी स्वतःला समजावलं, वॉर्निश विरघळलं असेल. कानात घालायच्या कापसाच्या काड्या घेतल्या आणि एकेकाला पुसलं. कापसावर तांबूस-तपकिरी, तार धरणारं काहीतरी आलं. अकराही पुसले, कपाट पुसलं, साबणाने सात वेळा हात धुतले. एक काडी झिपच्या पिशवीत ठेवली, कॉलेजच्या लॅबमध्ये तपासू म्हणून. अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरची अजान झाली तेव्हा ते पुन्हा ओले होते.

असं चार दिवस. माझं जेवण सुटलं. भाताचं शीत दिसलं तरी ती अळी आठवायची. शेवटी गुरुवारी अम्मी स्वतः कपाटापाशी आली, ओढणी नाकाशी धरून. पहिल्यांदाच तिने नीट पाहिलं.

"हे आडवे का?"

"मेलेत. लढाईत."

"मग पुरलं नाय कोणी?"

"अम्मी, शोपीस आहेत ती."

"शोपीसला घाण येते?" असं म्हणाली आणि बाथरूममध्ये धावली. ओकण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "मेलेल्याला असं उघडं टाकून बघत बसतात काय गो? मातीआड करा त्यांना."

"अमानत हाय," अब्बा दारातून म्हणाले. "मालकाला विचारल्याबगर हात लावायचा नाय."

विचारणार कोण? मीच. शुक्रवारी मी वाक्यं पाठ करून बसले. ऑपरेशनला चार दिवस राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला, ज्याने आपल्याला इंग्रजी शिकवलं त्याला, त्याच्याच इंग्रजीत कसं सांगायचं की तुमचे सैनिक सडताहेत? साहेब पलंगावर होते, नाकात नळी. मी अडखळत सांगितलं. वाटलं, हसतील. किंवा चिडतील.

त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. मग हळूच म्हणाले, "अजूनही?"

मला आधी अर्थच लागला नाही. ते सांगत गेले – स्कॉटलंडच्या घरी असं व्हायचं, तिथल्या ओल्या हवेमुळे असेल असं वाटलं. कोरड्या देशात नेलं की थांबेल म्हणून इकडे आणलं. थांबलं नाही. मी विचारलं, मग पुरून टाकू का? तर एकदम उठून बसले. "नो, नो. माय डिअर, सेट अपुरा होईल."

मी फोन ठेवला. या माणसाला माहीत होतं. माहीत असून त्याने ते आमच्या घरात ठेवलं. मी जिथे झोपते तिथे, अम्मी जिथे जेवण वाढते तिथे. आणि त्याला काळजी सेटची. कपाटापेक्षा जास्त किळस मला त्या क्षणी त्यांची आली... हे लिहितानाही वाईट वाटतं.

"काय म्हणाला?" अब्बांनी विचारलं.

"चालेल म्हणाले," मी सांगितलं. अब्बांशी इतकं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं."

अम्मीने न बोलता तिची पांढरी सुती ओढणी फाडली, अकरा तुकडे केले. मी एकेकाला गुंडाळून डब्यात ठेवलं. अस्रनंतर आम्ही तिघं गाडीने शहराबाहेर, समुद्राकडच्या मोकळ्या जमिनीवर गेलो. डबा माझ्या मांडीवर होता. पोहोचेपर्यंत सगळे तुकडे भिजून तपकिरी झाले होते. काच उघडी ठेवूनही अब्बांनी गाडी चालवताना दोनदा उलटी आवरली.

वाळूत चाक रुतलं तर लागतं म्हणून अब्बांच्या डिकीत फावडं असतं. त्याने त्यांनी खणलं. हातभर खाली गेल्यावर काळी ओली माती लागली, आणि तिच्यात बारीक गवताची मुळं. समुद्र जवळ आहे, ओल असू शकते. पण वर मैलभर एक पातं नव्हतं.

अकराही ओळीने ठेवले. अब्बांनी तीन मुठी माती टाकली, मग अम्मीने, मग मी. "त्यांचं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नाय," असं म्हणून अब्बा नुसतेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याने नो म्हटलं ना?"

मी हाताची वाळू झटकत राहिले.

"बावीस वर्षं गाडी चालवतोय त्याची. नो कळतं मला. व्हिलाच्या मागच्या खोलीत तो कायम ऊद का जाळायचा, ते आज कळलं."

"मग तुम्ही खणलंत का?"

"तू कारटी खोटं बोललीस, ते तुझं तू बघ. अमानत माझ्याकडे होती. मोडली तर मी मोडली." आणि तिथेच उभं राहून त्यांनी फोन लावला. "सर. इलेव्हन मॅन. आय बरी देम, सर. नॉट डॉटर. आय." मग साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला – "ऑल?"

"ऑल, सर."

फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी घरात वास नव्हता. माश्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात कार्गोवाले उरलेले सैनिक घेऊन गेले. साहेबांचं ऑपरेशन नीट झालं असं अब्बांना ऑफिसातून कळलं. त्यांनी अब्बांना किंवा मला पुन्हा फोन केला नाही. अब्बा अजून दर जुम्याला त्यांना मेसेज टाकतात. दोन निळ्या खुणा येतात, उत्तर नाही.

मी खूप वाचलं. शिसं खराब होतं, पण त्याची पांढरी पूड होते आणि वास व्हिनेगरसारखा येतो. वॉर्निश मऊ पडतं, पण चोवीसवर एसी असलेल्या खोलीत नाही. अळीचं तर मला काहीच सांगता येत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

आणि एक गोष्ट मी घरी सांगितलेली नाही. ती कापसाची काडी मी पुरली नाही. झिपच्या पिशवीत घालून इथे हॉस्टेलवर आणली. त्यात प्रोटीन आहे का, म्हणजे ते मांस-रक्त आहे का, हे आमच्या लॅबमध्ये एका टेस्टट्यूबमध्ये कळेल. दहा मिनिटांचं काम. पाच महिने मी ते केलेलं नाही, आणि फेकवतही नाही. साहेबांना सेट सोडवला नाही, त्यांची मला केवढी किळस आली होती...

काल रूममेट म्हणाली, "तुझ्या कपाटात काही खायचं राहिलंय का गं? बघ ना जरा."

मी बघितलं. पिशवी आतून धुरकटली आहे. कापूस ओला आहे.

लॅबची किल्ली मागायला मी गेले नाही. अम्मीला फोन करून एवढंच विचारलं, गुंडाळायला पांढरं सुती कापड कुठलं चालतं. ती म्हणाली, "किती राहिलेत?"