ड्युटी कुणाची होती

जिलानी हवालदारांचे पाय भर दुपारी गार पडतात. बाहेर औशाचा रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि हे खाटेवर दोन-दोन मोजे चढवून बसलेले. तळव्याला टाचणी टोचलेली कळत नाही. मागच्या वर्षी चपलेचा खिळा दिवसभर रुतून होता. फरशीवर रक्ताचे ठसे बघून जोहराबींनी आरडाओरडा केला, तेव्हा यांना पत्ता लागला. करंगळी काढावी लागली. गारठा मात्र बरोबर कळतो. साखरेनं नसा मेल्या की असं होतं, असं डॉक्टर सांगतात. हवालदार मान डोलावतात, पण तो गारठा कुठला आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

माणूस तसा सरळ. तोफखान्यात चोवीस वर्षं वायरलेस सांभाळला. गल्लीत कुणाचा पंखा, मिक्सर बिघडला तर चहावर जोडून देणार. "इनको झूट बोलनाच नै आता," असं जोहराबी शेजारणींना सांगतात, त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त. बिचारीला काय माहीत, की गडी आयुष्यात एकदाच खोटं बोलला आणि ते थेट लष्कराच्या मेडिकल बोर्डापुढं!

निवृत्त होताना बोर्डानं विचारलं होतं, साखरेचा त्रास पहिल्यांदा कुठं सुरू झाला? हे म्हणाले, इथंच, छावणीत. घरात कुणाला होती? "अम्मीला होती, साहेब." झालं! आजार रक्तातून आलेला, नोकरीशी संबंध नाही, असा शेरा पडला आणि अपंगत्वाची पेन्शन नामंजूर झाली. हवालदार एका शब्दानं भांडले नाहीत.

यंदा लेक हुमानं तो नामंजुरीचा कागद ट्रंकेतून काढला. ती लातूरला लॅबमध्ये आहे. लोकांची साखर तपासणं हेच तिचं काम.

"अब्बा, दादीकू शुगर कब थी?"

हवालदारांनी मान खाली घातली. अम्मी तर ऐंशी वर्षांची होऊन, गुळाचा खडा चघळत गेली होती. मेलेल्या आईच्या माथी आपलं दुखणं मारलं, ही लाज त्यांना आतून खात होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी लेकीला सगळं सांगितलं.

वीस वर्षांपूर्वी, सीमेवरच्या बर्फातल्या चौकीवर त्यांना तहान लागायला लागली. कितीही प्या, भागेना. बर्फ वितळवायला रॉकेल मोजकं, आणि सगळ्यांच्या वाटणीचं पाणी हे एकटे पिणार. चौकीवर वायरलेसवाला एकच. तो उतरायचा तर दुसरा वर चढायला हवा. चढला वैजनाथ, इस्लापूरकडचा. आपल्याच मराठवाड्यातला म्हणून दोघं एका ताटात जेवायचे. "चार दिवस आराम कर भाई, मग ये," म्हणाला. तिसऱ्या दिवशी वरचा बर्फाचा कडा सुटला आणि चौकी वैजनाथसकट गाडली गेली. हवालदारांनी तो आवाज खालच्या छावणीत ऐकला, हाताला सलाईन लावलेली असताना.

तहान वर लागली असं बोर्डाला सांगावं, तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुमच्या जागी कोण गेलं? तो प्रश्न टाळायला त्यांनी अम्मीला पुढं केलं होतं.

हुमानं गाठलेले वकील म्हणाले, अपील करू. पण तहान वरच लागली याचा त्या वेळचा कागद हवा. पलटणीत इतक्या जुन्या नोंदी नव्हत्या. असा कागद असलाच तर एकाच घरात असेल, हे हवालदारांना ठाऊक होतं. वैजनाथ दर आठवड्याला आईला पत्र लिहायचा. त्या घराची पायरी वीस वर्षांत चढायची त्यांची छाती झाली नव्हती.

नांदेडला गाडी बदलून बापलेक इस्लापूरला पोचले. श्रावण होता. सहस्रकुंडचा धबधबा भरून कोसळत होता आणि त्याचा घुमारा गावापर्यंत येत होता. तो आवाज कानावर पडताच हवालदार रस्त्यातच थांबले. हुमानं हात धरून त्यांना पुढं नेलं.

वैजनाथची आई तुळजाबाई ओसरीवर डाळ निवडत होती.

"मावशी, मी जिलानी. वैजनाथच्या..."

म्हातारीनं वर पाहिलं. मोज्यांतल्या पायांवर तिची नजर गेली.

"लई तहान लागायची, तो तूच का?"

ती आत गेली आणि आधी पाण्याचा तांब्या घेऊन आली, मग देवघरामागून प्लास्टिकची पिशवी. पिशवीतलं पत्र हुमानं वाचलं. 'जिलानीभाई वायरलेसवर सारखा पाणी पाणी करून राहिला. उद्या त्याच्या जागी मी वर चाललो. चार दिवसांची गोष्ट हाय, काळजी करू नको.'

"लोकायकडून वाचून घेऊन पाठ झालं मला," तुळजाबाई म्हणाली. "ईस वरीस वाट पाहिली, एखांदे दिशी तू येशील म्हणून."

"मावशी, मी पेन्शनसाठी आलो," हवालदार म्हणाले. आता खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "ह्या कागदावाचून ती भेटत न्हाई."

"ने की. पण तुह्या अर्जात लिव्ह, माझं लेकरू कोणाच्या जागी गेलं ते. सरकारच्या तारंत नुसतं ड्युटीवर गेला, एवढंच व्हतं." तिनं सूप बाजूला सारलं. "ड्युटी तुही व्हती, बाबा. त्याची न्हवती."

ती रागानं बोलली नाही, म्हणून हवालदारांना ते जास्त लागलं.

लातूरला वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचून दाखवला. तहान, तारीख, पत्राची प्रत, सगळं नीट बसलं होतं. तुमच्या जागी कोण गेलं हा मजकूर लागत नाही, उगाच फाटे फुटतात, म्हणून त्यांनी तो गाळला होता. हवालदारांनी मसुदा मागून घेतला, चष्मा चढवला आणि अगदी वर, तहानेच्याही आधी, स्वतःच्या हातानं लिहिलं:

'त्या दिवशी ड्युटी माझी होती.'