पिक्चरसाठी राखलेली दाढी

आमच्या कंपनीच्या पाटीवर पहिला शब्द अजून 'चित्रपट' असाच आहे. त्याखाली जागा मिळेल तसं लिहीत गेलोय: लग्नाचं शूटिंग, जनरेटर भाड्याने, टेम्पो, हापूस घरपोच. रत्नागिरीतल्या आमच्या त्या गाळ्यात शिरताना मी हल्ली पाटी वाचत नाही. वाचली की डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की समोर येईल त्याच्यावर खेकसते. बहुतेक वेळा समोर नवराच असतो. तो कॅमेरामन, मी दिग्दर्शक. कंपनी म्हणजे एवढीच.

पिक्चर एकच केला, तोही पुरा नाही. दोन सख्खे भाऊ वहिवाटीच्या वाटेवरून भांडतात. धाकटा शपथ घेतो, थोरला वाट मोकळी करीपर्यंत दाढी करणार नाही. शेवटी थोरल्याच्याच ओटीवर बसून तो दाढी उतरवतो आणि विचारतो, "दादा, आता ओळखलंस ना?" संपला पिक्चर. धाकट्याचं काम माझ्या वडिलांनी केलं. निवृत्त शाळामास्तर, जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नव्हते, पण काय काम केलं हो! वेळणेश्वरला शूटिंग बघायला जमलेल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला, कारण थोरल्याचं काम करणाऱ्या मुंबईच्या नटाला मालिका मिळाली आणि तो गेला तो गेलाच.

"दाढी राखून ठेवा हं बाबा," मी म्हटलं. "महिनाभरात शेवट घेऊ."

त्या महिन्याला सहा वर्षं झाली.

वीज सारखी जाते म्हणून पिक्चरसाठी जनरेटर घेतला. तो नुसता पडून काय उपयोग, म्हणून मांडववाल्यांना द्यायला लागलो. तो न्यायला-आणायला टेम्पो आला. एप्रिलमध्ये टेम्पो रिकामा, म्हणून त्यात आंब्याच्या पेट्या भरल्या. दुसऱ्यांच्या पेट्या किती वाहायच्या, म्हणून आपल्या नावाची पेटी काढली. कॅमेरे घेतले तेही पिक्चरसाठीच, आणि ते लग्नांतून फिरत राहिले. दर वेळी आम्ही दोघं एकमेकांना बजावायचो, हे पिक्चरसाठीच हं. देवाशपथ, खोटं नव्हतं ते. पण पायाला भिंगरी लागली ती लागलीच. जेवताना एक कान फोनकडे, दुसरा टेम्पोच्या आवाजाकडे. स्वस्थ बसले की अपराधी वाटायचं, आणि धावले तरी वाटायचंच.

बाबा मात्र दाढी सांभाळून होते. आरशाशेजारी त्यांनी पिक्चरमधला स्वतःचा फोटो चिकटवला होता, त्याबरहुकूम कात्री चालवायचे. पांढरे केस वाढले म्हणून काळजी करायचे. लग्नाकार्यात लोक छेडायचे, "काय मास्तर, सुतक की नवस?" "शूटिंग आहे," बाबा सांगायचे, आणि लोक हसायचे. मला ते आधी दर आठवड्याला विचारत, मग सणासुदीला विचारायला लागले, "काय गो, कधी घेत्येस शेवट?"

"घेऊ हो. एवढा हंगाम जाऊ दे."

यंदा पेटीवर छापायला एखाद्या आजोबांचा हसरा चेहरा हवा होता. नवरा म्हणाला, बाबांचाच टाकू, फक्त त्या दाढीत ते एखादे बुवा-महाराज वाटतात. ऐन हंगाम. अंगणभर पेट्या आणि पेंढा, टेम्पो पंक्चर, वाशीहून फोनवर फोन. बाबा ओटीवर पेपर वाचत बसले होते.

"बाबा, ती दाढी काढून या बघू. संध्याकाळी फोटो काढायचाय."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "काढू?"

"हो."

"नक्की काढू ना गो?"

"काढा म्हटलं ना! किती वेळा विचारता?"

ते आत गेले आणि शूटिंगचा चौकड्यांचा सदरा घालून बाहेर पडले. सहा वर्षं ट्रंकेत ठेवलेला सदरा. मला तो दिसला, नाही असं नाही. पण माझ्या एका हातात चिकटपट्टी होती आणि दुसऱ्यात फोन.

तासाभराने आले. चेहरा गुळगुळीत, एवढासा झालेला. मी बघितलं आणि तेव्हा कुठे आठवलं. दाढी उतरवणं हाच तर शेवट होता! लिहिलेला मी, आणि विसरले मी. आमचे तिन्ही कॅमेरे सावर्ड्याला लग्नात होते.

"बाबा, अहो..."

"वाढेल गो परत," ते म्हणाले. मग हनुवटीवरून हात फिरवत, "मी वाक्य म्हटलं पण. सलूनच्या आरशात बघून. 'दादा, आता ओळखलंस ना?' जमलं बऱ्यापैकी."

मी पेंढ्यातच बसले आणि मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, शॉट नीट दिला नसेल म्हणून मी रडतेय.

"म्हटल्यावर हललो नाही हो जराही. कट म्हणेपर्यंत हलायचं नाही, तूच शिकवलंयस."

"मग?"

"मग काय. न्हावी म्हणाला, मास्तर, उठा आता, मागे गिऱ्हाईक खोळंबलंय."