दरवाजा ठेंगणा नव्हता

माझ्या माहेरच्या देवळाचा दरवाजा ठेंगणा आहे म्हणून पाडायचा, असं यात्रा कमिटीनं ठरवलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

काळ्या दगडाचा दरवाजा. चुन्याचं बोटही नाही, दगड दगडाच्या खाचेत बसवलेला. कुणी म्हणतं यादवांच्या काळचा, आमची आजी म्हणायची पांडवांनी एका रात्रीत उभा केला. कुणी का बांधेना, त्याला पालखीची उंची माहीत होती. माझे वडील पालखीला खांदा द्यायचे आणि ताठ मानेनं या दारातून आत जायचे. दोन्ही खांबांच्या पायाशी दगडात कोरलेले हत्ती होते. पालखी येईपर्यंत आम्ही पोरंपोरी त्यांच्या पाठीवर बसून शेंगा खायचो.

मग गावात निधी येऊ लागला. निधी आला की रस्ता. आधीचा उकरायचे कष्ट कोण घेणार? खडीवर डांबर, डांबरावर काँक्रीट, त्यावर आणखी काँक्रीट. हत्तींचे पाय गेले, सोंडा गेल्या, शेवटी पाठीही गेल्या. पालखीवाले आधी मान वाकवू लागले, मग कंबर, आणि अलीकडे तर दारात गुडघ्यांवर रांगायचे. नव्या पोरांना ती देवाची जुनी रीतच वाटायची. गेल्या यात्रेत एकाचा गुडघा फुटला आणि खापर फुटलं दरवाजावर.

मी सासरहून, पलूसहून, मुद्दाम बैठकीला गेले. कमिटीचा अध्यक्ष माझाच धाकटा चुलतभाऊ. त्याला म्हटलं, "दार हाय तेवढंच हाय रं. रस्ता वर आलाय. दारापुढचा तेवढा उकरा, हत्ती निघतील. तू बी बसलायस की त्यांच्यावर."

तो शांतपणे म्हणाला, "आक्का, रस्ता आत्ताच झालाय. नवा रस्ता कोन उकरतं व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कालच्या काँक्रीटला हात लावायचा नाही आणि शेकडो वर्षांच्या दगडाला जेसीबी लावायचा. या अकलेपुढं मी काय बोलणार? तरी बोलले, घसा बसेपर्यंत. बाईमाणूस, त्यात सासरी गेलेली, कोण ऐकतंय.

दरवाजा पाडला. खांब मुळातून निघेनात, काँक्रीटनं घट्ट धरलेले. मग मशीन लावून रस्त्याच्या पातळीला कापले. तिथं आता सिमेंटची गुलाबी कमान आहे.

यंदा यात्रेला गेले. पालखी न वाकता आत गेली, गुलाल उधळला.

"बग आक्का, कशी ताठ गेली," चुलतभाऊ म्हणाला.

"माझा बा बी ताठच जायचा," मी म्हटलं. "हत्तींच्या मधनं. तुमी त्यांच्या डोक्यावरनं नेली."