डॅशबोर्डवरची नात

हुपरीहून कोल्हापूरला येणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मी रोज पुढच्या सीटवर गप्प बसते. चालकाला सगळे मामा म्हणतात. स्टिअरिंगशेजारी लावलेल्या मोबाइलच्या स्क्रीनवर परदेशातल्या नातीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मामा रस्ता सोडून तिच्याकडे बघत हसायचे. एकदा उसाची ट्रॉली अगदी पुढ्यात आली. मी पहिल्यांदाच ओरडले, "मामा, समोर बघा!"

दुसऱ्या दिवशी कॉल आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरून आवाज आला, "गाडी हाणा की मामा, ड्युटी हाय!"

मामांनी स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि गाडी काढली.

"आज्जा, तू दिसत नाहीस."

"ऐकतोय न्हवं मी? बोल की."

ती थोडंच बोलली. हळूहळू कॉल बंद झाले.

आता टॉवेल मामांच्या खांद्यावर असतो. कोल्हापूर येईपर्यंत ते समोरच बघतात.